शिक्का की आकडा? मंडळाच्या निवडणुकीची पद्धत ठरवण्यापूर्वी

ज्या मंडळाची, वाचनालयाची किंवा संघटनेची निवडणूक वर्ष-दोन वर्षांत व्हायची आहे आणि ज्यांच्या घटनेत ‘अध्यक्षाची निवड मतदानाने होईल’ एवढेच लिहून पुढचे सारे मोघम सोडले आहे, अशांसाठी हा आढावा आहे. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन संस्थांनी मला एकच प्रश्न विचारला. नेहमीप्रमाणे एका नावापुढे शिक्का मारायला सांगून सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी घोषित करावा, की पदवीधर मतदारसंघात करतात त्याप्रमाणे नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायला सांगावेत? पश्चिम नागपुरातील आमच्या नागरिक मंडळात मी निवडणूक अधिकारी म्हणून दोन्ही पद्धतींनी प्रत्येकी दोन निवडणुका घेतल्या आहेत. २०१६ आणि २०१९ च्या निवडणुका शिक्क्याने झाल्या, २०२२ आणि २०२५ च्या पसंतीक्रमाने. चार निवडणुकांच्या बळावर सिद्धान्त मांडण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ज्याने दोन्ही घरचे जेवण जेवले आहे त्याला चवीविषयी थोडे बोलण्याचा अधिकार असावा.

पसंतीक्रमाची मोजणी नागपूरकराला नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. निम्म्याहून अधिक मतांचा कोटा काढायचा, तो कोणी गाठला नाही तर सर्वांत खालच्या उमेदवाराला बाद करायचे, त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या आणि कोणी तरी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच जण उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. १ लिहिणे बंधनकारक असते, २ पासून पुढचे आकडे ऐच्छिक. एक गैरसमज मात्र आधीच बाजूला काढतो. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर लोकसभेच्या २८२ जागा कशा मिळाल्या, हा प्रश्न या चर्चेत हमखास विचारला जातो. तो देशभरातील मते आणि जागा यांच्या प्रमाणाचा प्रश्न आहे आणि एका जागेसाठी पसंतीक्रम लावल्याने तो सुटेलच असे नाही. आपल्यापुढचा प्रश्न लहान आहे: खुर्ची एक, इच्छुक तीन किंवा चार.

शिक्क्याच्या पद्धतीविषयी आधी चांगले बोलतो, कारण ते बोलण्यासारखे पुष्कळ आहे. २०१६ मध्ये आमच्याकडे २३१ सभासदांनी मतदान केले आणि मोजणी पंचवीस मिनिटांत आटोपली. उमेदवारांसाठी मागवलेला चहा यायच्या आत निकाल फळ्यावर होता. अवैध मते फक्त तीन. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही, कोणी फेरमोजणी मागितली नाही, आणि मागितली असती तरी तीन गठ्ठे पुन्हा मोजण्यापलीकडे काम नव्हते. नव्वदीतल्या एका आजोबांनी चष्मा विसरूनही शिक्का योग्य चौकटीत मारला. हा साधेपणा क्षुल्लक नाही. संस्थेत आधीच भांडणे असतील तर ‘जास्त मते, तो जिंकला’ एवढे एकच वाक्य सर्वांना मान्य होते.

त्या २०१६ च्या निवडणुकीत मंडळाचे सभागृह हाच वादाचा विषय होता. एका उमेदवाराचे म्हणणे होते की सभागृह लग्नकार्याला भाड्याने द्यावे. निवृत्त मुख्याध्यापिका बाई आणि एक तरुण अभियंता असे उरलेले दोघे, तेथे मुलांसाठी सुरू असलेली अभ्यासिका वाढवावी या मताचे होते. मते पडली ती अशी: भाड्याच्या बाजूचे उमेदवार ८८, बाई ७९, अभियंता ६१. म्हणजे २२८ वैध मतांपैकी १४० मते अभ्यासिकेच्या बाजूने पडली आणि पुढची तीन वर्षे लग्नसराईतल्या प्रत्येक शनिवार-रविवारी अभ्यासिका बंद राहिली. निवडून आलेल्या गृहस्थांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, त्याच भाड्यातून सभागृहाचे गळके छत दुरुस्त झाले आणि हिशेब पैशापैशाचा चोख होता. माणूस वाईट नव्हता. फक्त बहुतेकांना जे नको होते ते करण्यासाठी तो निवडून आला होता.

एवढ्यावर मी पद्धत बदलली नसती. मते फुटतात, हे आपण जन्मभर पाहत आलो आहोत. कोणाची मते कोणी खाल्ली याचा हिशेब आपल्याकडे पोह्यांवर तर्री घेताघेता होतो. मला जी गोष्ट खुपली आणि जिने शेवटी माझ्यापुरता निर्णय केला, ती पुढच्या निवडणुकीत घडली, आणि तीत दोष दुसऱ्या कोणाचा नसून माझा होता.

२०१९ मध्ये तेच तिघे पुन्हा इच्छुक होते. गेल्या वेळची चूक नको म्हणून बाई किंवा अभियंता यांपैकी एकाने माघार घ्यावी, असे अभ्यासिकेच्या बाजूच्या सर्वांनी ठरवले. ठरवले म्हणजे एका सभासदाच्या दिवाणखान्यात नऊ जणांनी ठरवले. अभियंता तरुण आहे, धावपळ करू शकेल, तेव्हा बाईंनी थांबावे असे निघाले. बाई माझे ऐकतील म्हणून निरोप्याचे काम माझ्याकडे आले. निवडणूक अधिकाऱ्याने असल्या कामात पडायचे नसते हे मला तेव्हाही कळत होते. माघारीच्या शेवटच्या दिवशी, एप्रिलच्या उन्हात, दुपारी साडेबाराला मी त्यांच्या घरी गेलो. त्या गच्चीवर जुन्या धुतलेल्या साडीवर मूगवड्या घालत होत्या. माघारीचा अर्ज मी सोबत नेला होता, आणि आज लिहितानाही संकोच वाटतो, पण तो भरूनच नेला होता. फक्त सही तेवढी बाकी होती. बाईंनी पदराला हात पुसले, अर्ज वाचला आणि विचारले, “भाऊ, माझं काय चुकलं तेवढं सांगा, मग सही करते.” मी मते फुटण्याविषयी काही तरी बोललो. त्यांनी सही केली. अर्जाच्या कोपऱ्यावर डाळीचा पिवळा डाग उमटला होता आणि तो अर्ज आजही मंडळाच्या फाइलमध्ये आहे.

निवडणूक आम्हाला हवी तशी झाली. अभियंता चांगल्या फरकाने निवडून आले आणि अभ्यासिका पुन्हा सातही दिवस उघडी राहू लागली. बाई मात्र त्यानंतर मंडळात फिरकल्या नाहीत. मुलांना इंग्रजी शिकवायला त्या दर बुधवारी येत असत, ते थांबले. मला राहून राहून वाटत राहिले की ज्या स्त्रीला तीन वर्षांपूर्वी ७९ सभासदांनी मत दिले होते, तिला यावेळी किती जण मत देतील हे विचारण्याची संधीच आम्ही सभासदांना दिली नाही. निर्णय मतदारांनी घ्यायचा होता, तो नऊ जणांनी घेतला आणि मतदानाच्या दिवशी त्याला शिक्के मारून घेतले. शिक्क्याच्या पद्धतीत माघारीचा दिवस हाच खरा मतदानाचा दिवस होऊन बसतो, ही माझी तक्रार आहे. विधानसभा किंवा महापालिकेच्या निवडणुकीत त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत बंडखोरांची मनधरणी कशी चालते, कोणाला कोणते पद कबूल होते, याच्या बातम्या आपण चवीने वाचतो. त्या दिवाणखान्यांत मतदार कोठेच नसतो, हे मला बाईंच्या गच्चीवर पहिल्यांदा जाणवले.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही, असे नंतर वाचनात आले तेव्हा थोडे बरे वाटले. ऑस्ट्रेलियाने संसदेसाठी पसंतीक्रम स्वीकारला तो १९१८ मध्ये, आणि त्यामागे हेच दुखणे होते. त्या वर्षी तेथे सत्तारूढ राष्ट्रवादी पक्ष आणि शेतकऱ्यांच्या संघटना यांची मते सारख्याच वर्गातून येत. मे महिन्यात फ्लिंडर्स मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत शेतकऱ्यांच्या उमेदवाराने माघार घेतली, आणि त्या माघारीची किंमत म्हणून सरकारकडून पसंतीक्रमाचा कायदा करण्याचे आश्वासन घेतले. पुढे ऑक्टोबरमध्ये स्वान येथे दोन्ही बाजूंचे उमेदवार उभे राहिले, मते फुटली आणि मजूर पक्षाचा उमेदवार जेमतेम एक तृतीयांश मतांवर निवडून आला. त्यानंतर कायदा होण्यास वेळ लागला नाही. तत्त्वचिंतनातून नव्हे, माघारीच्या सौद्यातून निघालेली ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आहे, याचे मला कौतुक वाटते. बाईंनीही सही करण्यापूर्वी अशी काही अट घालायला हवी होती.

तर २०२१ च्या सर्वसाधारण सभेत मी घटनादुरुस्तीचा ठराव मांडला आणि थोड्या कुरकुरीनंतर तो मंजूर झाला. आता पसंतीक्रमाची वाईट बाजू सांगतो. तिच्यासाठी मला जागा अधिक लागेल, कारण ज्यांनी ती सोसलेली नसते ते तिच्याविषयी फारच उत्साहाने बोलतात.

सर्वांत मोठा खर्च अवैध मतांचा. २०२२ मध्ये २३३ सभासदांनी मतदान केले आणि १४ मते बाद झाली. आठ जणांनी आकड्याऐवजी बरोबरची खूण केली होती, तिघांनी दोन-दोन नावांपुढे १ लिहिले होते, दोघांनी अक्षरांत लिहिले होते (त्यांतल्या एकाने ‘इंजिनियर साहेबांनाच’ असे ठसठशीत लिहिले होते, आणि ते मत कोणाला आहे हे आंधळ्यालाही दिसत असताना मला ते बाजूला ठेवावे लागले), आणि एकाने इमानदारीने खाली सही केली होती. शिक्क्याच्या वेळी जेथे तीन मते वाया गेली होती तेथे चौदा गेली. आमचे सभासद वयस्क आहेत म्हणून असे झाले, अशी मी स्वतःची समजूत घातली असती. परंतु नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाची १ डिसेंबर २०२० ची निवडणूक ती समजूत टिकू देत नाही. सहा जिल्ह्यांतील सुमारे १ लाख ३३ हजार पदवीधरांनी मतदान केले आणि त्यांतील अकरा हजारांहून अधिक मते अवैध ठरली. म्हणजे साधारण बारा मतांमागे एक. मतदान केंद्रावर मतपत्रिकेसोबत जांभळ्या शाईचे स्केचपेन हातात देतात, दुसरे पेन चालत नाही, आकडा आकड्यातच लिहायचा, खूण करायची नाही, या सूचना भिंतीवर लावलेल्या असतात. मीही त्या दिवशी रांगेत उभा राहून त्या दोनदा वाचल्या होत्या. मतदार सगळे पदवीधर होते, हे ध्यानात घ्यावे.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप आठवल्याशिवाय राहत नाही. संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या आपल्याच प्रांतातून निवडून आलेले काझी सय्यद करिमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, दुरुस्ती मांडली होती. तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी दोन कारणे दिली. पहिले असे की अशा पद्धतीत प्रत्येक मतदाराला निदान आकडे ओळखता आणि मतपत्रिकेवर मांडता आले पाहिजेत, आणि तेव्हाच्या साक्षरतेकडे पाहता ती अपेक्षा अवास्तव होती; दुसरे असे की तिच्यातून सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होण्याची भीती होती. विशेष म्हणजे संविधान सभेचे प्रांतांतले सदस्य स्वतः प्रांतिक विधिमंडळांकडून पसंतीक्रमाच्या संक्रमणीय मतानेच निवडले गेले होते आणि १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून त्याच मार्गाने तेथे पोहोचले होते. पद्धत त्यांना अपरिचित नव्हती. त्यांचे दुसरे कारण आमच्या मंडळाला लागू नाही, कारण आमचे सरकार पडले तरी फार तर गणेशोत्सवाची वर्गणी उशिरा गोळा होईल. पहिले कारण मात्र, सत्तर वर्षांनंतर, पदवीधरांच्या मतपेटीतूनही पुन्हा डोके वर काढते. त्याला मी गांभीर्याने घेतो.

यावर आम्ही केलेला उपाय सरकारी निवडणुकीला करता येणार नाही, पण मंडळाला येतो, कारण मंडळाची घटना मंडळाच्या हातात असते. २०२४ मध्ये आम्ही नियमात एक ओळ वाढवली: मतपत्रिकेवर एकाच नावापुढे कोणतीही एकच स्पष्ट खूण असेल तर ती पहिली पसंती मानावी. शिवाय मतदानाच्या आदल्या रविवारी फळांची नावे घालून एक नमुना मतदान घेतले. संत्रे, सीताफळ, आंबा आणि पेरू असे चार उमेदवार होते, संत्र्याचा पराभव झाला आणि त्यावरून जी चर्चा रंगली तिच्यात मोजणी सर्वांना आपोआप समजली. २०२५ मध्ये अवैध मते पाचावर आली.

दुसरा खर्च वेळेचा आहे आणि त्याचा बाऊ करू नये असे माझे मत आहे. पंचवीस मिनिटांच्या जागी आम्हाला सव्वादोन तास लागले. मोठ्या प्रमाणावर हाच खर्च फुगतो हे खरे: पदवीधरची २०२० ची मोजणी ३ डिसेंबरला सुरू झाली आणि अंतिम निकालासाठी दुसरा दिवस उजाडला, २०२३ मध्ये अमरावती पदवीधरची मोजणीही दुसऱ्या दिवसावर गेली. दोनशे-अडीचशे मतांच्या संस्थेत मात्र सतरंजी, संत्रा बर्फीचे चार रिकामे डबे आणि बेरीज न चुकणारा एक माणूस एवढे असले की काम भागते.

तिसरी अडचण निकाल पचण्याची. २०२२ मधली मोजणी येथे पूर्ण देतो, कारण पद्धत ठरवताना हीच परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवायला हवी. वैध मते २१९, कोटा ११०. पहिल्या पसंतीत सभागृह भाड्याने देण्याच्या बाजूचे उमेदवार ८१, अभियंता ६७, वस्तीतल्या एक डॉक्टर बाई ४८ आणि चौथे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी २३. चौथ्यांचा डबा सतरंजीवर उलटला. त्यांची पाच मते पहिल्यांना, चार अभियंत्यांना, बारा डॉक्टर बाईंना गेली, दोन पत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती. मग ६० मतांवर आलेल्या डॉक्टर बाई बाद झाल्या आणि त्यांच्या डब्यातून एकेक पत्रिका उचलून मी मोठ्याने वाचू लागलो. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. अकरा पहिल्यांना, त्रेचाळीस अभियंत्यांना, सहा कोणालाच नाहीत. शेवटी ९७ विरुद्ध ११४. अभियंता विजयी झाले आणि मागून एक आवाज आला, “अजी, पुढं तर आपला माणूस होता, मंग हारला कसा?”

प्रश्न रास्त होता आणि त्या वर्षी तो महाराष्ट्रभर विचारला गेला होता. त्याच वर्षी १० जूनला राज्यसभेच्या निवडणुकीत सहाव्या जागेसाठी संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ आणि धनंजय महाडिक यांना २७ मते होती, तरी दुसऱ्या पसंतीच्या जोरावर महाडिक निवडून आले. तेथे मते आली ती महाडिकांच्याच पक्षाच्या विजयी उमेदवारांच्या वरकड, म्हणजे कोट्याहून जास्तीच्या, मतांतून, आमच्याकडे बाद झालेल्या उमेदवारांकडून, हा फरक खरा; पण दारात उभ्या असलेल्या चिडलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्याचा प्रयत्न मी केला आणि तो फसला. शेवटी त्याला एकच गोष्ट पटली. मी डॉक्टर बाईंच्या डब्यातल्या पत्रिका त्याच्या हातात दिल्या आणि ‘यांतल्या तुमच्या किती, त्या तुम्हीच मोजा’ असे म्हटले. त्याने दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा अकराच निघाल्या.

पुढे असलेला हरतोच असेही नाही, उलट बहुधा तोच जिंकतो. नागपूर पदवीधरमध्ये २०२० साली अभिजित वंजारी पहिल्या पसंतीतही पुढे होते; कोटा भरला नाही म्हणून फेऱ्या चालल्या आणि शेवटी ते संदीप जोशी यांच्यापेक्षा १८,९१० मतांनी जिंकले. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकांत दुसऱ्या पसंतीपर्यंत जाण्याची वेळ आजवर एकदाच आली. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या मोजणीत ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ मतमूल्य मिळाले. तिसरे उमेदवार सी. डी. देशमुख, ज्यांच्या सनदी सेवेची उमेदीची वर्षे आपल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली होती, त्यांना १,१२,७६९. देशमुख बाद झाल्यावर त्यांच्याकडील मते मोठ्या प्रमाणावर रेड्डींकडे गेली, अंतर कमालीचे घटले, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. देशमुख उभे राहिल्याने कोणाचे काही बिघडले असे म्हणायला जागा उरली नाही, ही गोष्ट मला या आकड्यांत सर्वांत मोलाची वाटते. त्यांना मत देणाऱ्यांनी आधी देशमुखांना मत दिले आणि मग गिरी की रेड्डी हेही सांगितले.

याची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. पुढचे आकडे ऐच्छिक ठेवले की काही पत्रिका वाटेत संपतात, आणि मग ‘निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा’ हा दावा सैल पडतो. श्रीलंकेत सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रथमच दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली. पहिल्या मोजणीत ४२.३१ टक्के मते मिळवणारे अनुरा कुमारा दिसानायके दुसऱ्या मोजणीनंतर विजयी झाले, तरी एकूण वैध मतांच्या निम्म्यापर्यंत ते पोहोचले नाहीत, कारण बहुसंख्य मतदारांनी पुढची पसंती लिहिलीच नव्हती. आपल्याकडे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत प्रचारकच घरोघर जाऊन ‘फक्त १ लिहा, बाकी काही लिहू नका’ असे सांगतात. दुसरा आकडा लिहिला तर पहिल्याचे नुकसान होते, ही समजूत चुकीची आहे. पहिला उमेदवार बाद झाल्याशिवाय एका जागेच्या निवडणुकीत दुसरा आकडा कोणी वाचतच नाही. आमच्याकडेही ही कुजबुज झाली. मी एवढे एकच वाक्य तीन वेळा सांगितले, तरी २०२२ मध्ये आठ पत्रिका संपल्याच.

जाणकार आणखी एक आक्षेप घेतील, तो मीच नोंदवतो. सर्वांची दुसरी पसंती असलेला, कोणालाही नको नसलेला उमेदवार या पद्धतीत लवकर बाद होऊ शकतो. अमेरिकेतील बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत असेच झाले: जो उमेदवार उरलेल्या दोघांना समोरासमोरच्या लढतीत हरवू शकला असता, तोच तिसरा ठरून बाद झाला. लोक चिडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पद्धत रद्द केली. काही वर्षांनी तीच पुन्हा आणली, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू. आमच्या डॉक्टर बाईंच्या बाबतीत असे झाले असावे का, हे पत्रिकांवरून काढता आले असते. मी ते काढले नाही, कारण त्या संध्याकाळी कोणाच्याही अंगात त्राण नव्हते. शिक्क्याच्या पद्धतीतही अशा उमेदवाराचे काही भले होत नाही, तो बहुधा माघारीच्या दिवशीच संपतो.

मग कोणी काय घ्यावे? इच्छुक दोनच असतील तर दोन्ही पद्धतींचा निकाल एकच येतो, तेव्हा उगाच आकडे लिहायला लावू नयेत. सभासदांपैकी बरेच जण लिहू-वाचू शकत नसतील, तर शिक्काच बरा. तेथे बाबासाहेबांचा आक्षेप आजही जसाच्या तसा लागू होतो. मोजणीवर दोन्ही गट ज्याच्यावर विश्वास ठेवतील असा एकही माणूस संस्थेत नसेल, तरीही थांबावे. निम्मी मते न मिळाल्यास आठवड्याने दोघांत पुन्हा मतदान घेण्याची पद्धत काही जण सुचवतात. ती स्वच्छ आहे, परंतु आमच्याकडे दुसऱ्या रविवारी मतदानाला कोणी येणार नाही याची मला खात्री आहे. सहकारी संस्थांच्या निवडणुका कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीनेच होतात, त्यांनी या चर्चेत पडण्यात अर्थ नाही. बाकी ज्या संस्थेत एकाच विचाराचे दोन-तीन जण दर वेळी उभे राहू पाहतात आणि दर वेळी त्यांतल्या एकाला समजावण्यासाठी कोणाला तरी उन्हातून जावे लागते, तिने एकदा तरी आकडे लिहून पाहावेत, असे मी भीतभीत सुचवीन.

२०२५ ला आमच्याकडे पाच अर्ज आले आणि पाचही शेवटपर्यंत राहिले. माघारीचा अर्ज छापायचा का, असे छपाईवाल्याने विचारले तेव्हा नियमात आहे म्हणून छापून घेतला. पन्नासचा तो गठ्ठा तसाच कपाटात आहे. निकाल मात्र पहिल्याच फेरीत लागला: २४१ वैध मतांत एकाला १२८ मिळाली आणि दुसऱ्या पसंतीचे आकडे कोणी पाहिलेसुद्धा नाहीत. बाईंना मी उभे राहण्याविषयी विचारायला दोनदा गेलो होतो. त्या उभ्या राहिल्या नाहीत, मतदानाला मात्र आल्या.

एक व्यवहाराची सूचना राहिली. पेने सगळी एकाच रंगाची आणावीत, म्हणजे रंगावरून मत ओळखल्याचा संशय कोणी घेत नाही, आणि दोन डझन जास्तीची आणावीत. आमची अकरा परत आली नाहीत.